रानकुत्रा कोण आणि राखण कोणाची

पंधरा दिवस शेताची नोंद टाकली नाही. भाताची झोडणी चालू होती हे एक कारण. दुसरं कारण आज सविस्तर लिहितोय. लांबलंय जरा, पण वेळ काढून वाचा.

झोडणीच्या धामधुमीत एका पहाटे शेजारच्या काकांच्या चार शेळ्या मेल्या. कुडाचा वाडा, दाराला साधी ताटी. रात्री दोन-अडीचला कुत्र्यांचा कालवा ऐकू आला होता, पण कुत्री भुंकली म्हणून हल्ली गावात कोण उठतं? सकाळी बघितलं तर ताटी आडवी, दोन शेळ्या वाड्यात आणि दोन बांधावर पडलेल्या. त्यातली एक गाभण होती.

पहिला संशय बिबट्यावर गेला. वनरक्षकांना फोन केला, ते आले. ठसे बघितले, जखमा बघितल्या. मागच्या मांड्या फाडलेल्या, एकीची कास तोडलेली, गळ्यावर दातांची खूण नाही, आणि चारातली एकही शेळी उचलून नेलेली नाही. "बिबट्या नाही, कुत्री आहेत," ते म्हणाले. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी बोललं, "मग रानकुत्री लिहा ना साहेब. रानकुत्र्याचे पैसे मिळतात."

बोलणाऱ्याचं खोटं नव्हतं. राज्य शासनाच्या नुकसानभरपाईच्या यादीत वाघ, बिबट्या, लांडगा, तरस यांच्या जोडीला रानकुत्राही आहे. गावच्या मोकाट कुत्र्याने शेळी मारली तर मात्र वनखात्याकडून काही मिळत नाही, कारण तो वन्यप्राणी नाही. वनरक्षक शांतपणे म्हणाले, "दादा, रानकुत्री आली असती तर तुम्हाला एवढं मांस दिसलं नसतं. ती भुकेला मारतात आणि खाऊन जातात. ही खेळून गेलीत."

काका काही बोलले नाहीत. मी पण नाही. पण 'रानकुत्रा' हा एक शब्द डोक्यात राहिला. आपण दोन वेगळ्या जनावरांना एकाच नावाने हाक मारतो, आणि त्या घोळाला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचत गेलो, जुन्या माणसांना विचारत गेलो, त्याचीच ही नोंद.

आधी खरा रानकुत्रा. आपल्याकडे त्याला कोळसून म्हणतात, कोळसुंदा म्हणतात. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट आणि तिचं टोक काळं, कान गोलसर. वजन साधारण १२ ते २० किलो, म्हणजे गावठी कुत्र्याएवढंच. पण तो आपल्या कुत्र्याचा जंगलात गेलेला भाऊ नव्हे, जातच निराळी. जबड्यात दाढा कमी असतात, मादीला सड जास्त असतात, आणि तो भुंकत नाही, शीळ घातल्यासारखा आवाज काढून टोळीला बोलावतो. कळपात राहतो, दिवसाउजेडी शिकार करतो, सांबर, भेकर, रानडुकराची पिल्लं खातो. माणसावर सहसा जात नाही.

त्याची शास्त्राच्या पुस्तकात नोंद झाली ती आपल्याच भाषेतल्या नावासकट. मुंबई सरकारच्या चाकरीतला कर्नल साईक्स नावाचा अधिकारी दख्खनमध्ये फिरून जमीन, पिकं, पशुपक्षी यांची माहिती गोळा करत होता. त्याने १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र सभेपुढे दख्खनच्या प्राण्यांची यादी मांडली, त्यात हा प्राणी होता. त्याने नाव दिलं 'कॅनिस दखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा कुत्रा, आणि मराठे याला कोळसून म्हणतात हेही नमूद केलं.

पुढे साठेक वर्षांनी, १८९५ साली, मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने जंगलबुकाच्या दुसऱ्या भागात 'लाल कुत्रा' ही गोष्ट लिहिली. त्यातही ही टोळी दख्खनहूनच येते, वाटेत येईल ते मारत सुटते, वाघसुद्धा तिला वाट देतो. गोष्ट जगभर वाचली गेली. आपल्या लोकांतही कोळसुनाची दहशत होतीच. झुडपांवर मुतून ठेवतात, तिथून वाघ गेला की डोळ्यांत जाऊन आंधळा होतो आणि मग त्याला फाडतात, ही गोष्ट माझ्या आजाने मला सांगितली आणि त्याला त्याच्या आजाने. शास्त्राला याचा पुरावा सापडलेला नाही. पण एक फरक लक्षात घ्या. आपल्या गोष्टीत भीतीबरोबर मान आहे. साहेबाच्या नोंदींत नुसता तिरस्कार आहे.

त्या तिरस्काराचं कारण शेतकऱ्याचं नुकसान हे नव्हतं. हरणं, सांबर ही साहेबाची शिकार, आणि कोळसून ती आधीच खाऊन टाकतो, हे खरं दुखणं. म्हणून त्याला उपद्रवी ठरवून देशात ठिकठिकाणी डोक्यामागे बक्षीस लावलं गेलं. कातडं किंवा मुंडकं आणून दाखवा, पैसे घ्या. विष घालणं, बिळात पिल्लं मारणं, सगळं चालायचं. ही बक्षिसं स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने थांबली. आज कोळसून त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पट्टेवाले साहेब ज्याच्या मुंडक्याचे पैसे मोजत होते, त्याने आज जनावर मारलं तर सरकार आपल्याला पैसे देतं.

आता विचार करा. जी टोळी रानडुकराची पिल्लं खात होती, तिला मारायला आपल्याच लोकांनी पैसे घेतले. आज आपल्या भाताची, वालाची, कणगरांची सगळ्यात जास्त नासाडी कोण करतं? रानडुक्कर. मी चाळीस वर्षं या डोंगराखाली शेती करतोय, मला एकदाही कोळसून दिसलेला नाही. दक्षिणेला कोयना-चांदोलीकडे, तिलारीकडे तो आहे, विदर्भात आहे. इथं आता फक्त त्याचं नाव राहिलंय, आणि ते नाव आपण आपल्या कुत्र्यांना लावतोय.

दुसरा कुत्रा तो हा आपला. याचा इतिहास घाटाखाली, मुंबईत सुरू होतो. मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ सालापासून होता, वर्षातले ठरावीक दिवस. १८३२ साली ते दिवस वाढवले. मारणाऱ्याला कुत्र्यामागे पैसे मिळायचे, त्यामुळे मोकाट सोडून घराच्या ओट्यावरची, पाळलेली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे. ६ जून १८३२ ला पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, साहेबांच्या फौजेचा रोजचा रसदपुरवठासुद्धा अडला. मुंबईचा पहिला म्हणता येईल असा हा दंगा कुत्र्यांवरून झाला. त्यानंतर दोन वर्षांत, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी मुंबईचा पांजरापोळ उभा केला.

ही गोष्ट मी कुत्रेप्रेमी विरुद्ध कुत्रेविरोधी या भांडणासाठी सांगत नाही. मला त्यातली एक गोष्ट दिसते. डोक्यामागे पैसे लावले की माणूस सोपं डोकं शोधतो. चावरा, पिसाळलेला कुत्रा पकडायला अवघड. ओट्यावर झोपलेला सोपा. जंगलात कोळसुनाचं तेच झालं, शहरात पाळीव कुत्र्याचं तेच झालं.

शंभर वर्षांनंतरही पद्धत फारशी बदलली नव्हती. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ४४ व्या कलमात अधिकाऱ्याने जाहीर सूचना काढून ठरावीक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याची तरतूद होती. माझ्या लहानपणी विषाचे लाडू घालणारा माणूस यायचा, त्या दिवशी आई आम्हाला आणि कुत्र्याला घरात कोंडून ठेवायची. कुत्री मरायची, वर्षभरात पुन्हा तेवढीच व्हायची. खायला मिळत होतं तोवर रिकामी जागा भरणारच. २००१ साली केंद्राचे नियम आले, मारणं बंद, नसबंदी करून लस टोचून त्याच जागी सोडायचं. २०२३ साली ते नियम नव्याने आले. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच मूळ धरून आदेश दिला, पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना मात्र परत सोडायचं नाही असं सांगितलं. म्हणजे आता कोणी विष घातलं तर तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि विषाने फक्त कुत्रा मरत नाही. कोल्हा मरतो, घार मरते, शेजाऱ्याची मांजर मरते.

मग बक्षीस आणि विषाच्या या दीडदोनशे वर्षांत गावाने जनावर सांभाळलं कसं? इथं मला आपला खरा इतिहास सापडला, आणि तो कुठल्या कायद्यात नाही.

तो आहे राखणीत. माझ्या लहानपणापर्यंत गावची गुरं एकत्र चरायला जायची. गावाने ठेवलेला गुराखी असायचा, त्याला घरटी भात ठरलेलं. गुराखी नसेल तर घराघरांची पाळी. शेळ्यांची पाळी वेगळी. आज या घरचा पोरगा, उद्या त्या घरचा. त्यामुळे पन्नास जनावरांच्या मागे दोन माणसं आणि दोन ओळखीची कुत्री कायम असायची. कोल्हा असो, तरस असो, बिबट्या असो, त्याला एकटं जनावर मिळायचं नाही. पावसाळ्यात भात लावलेलं असताना कोणाचं गुरू दुसऱ्याच्या शेतात शिरलं तर कोंडवाड्यात जायचं. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा, साहेबाचाच, पण तो गावाला पटला आणि टिकला, कारण त्यात जबाबदारी मालकावर होती. कुत्र्याचंही तसंच होतं. कुठला कुत्रा कुठल्या आळीचा हे माहीत असायचं. एखाद्याला कोंबडी मारायची चटक लागली तर मालकाला गावदेवीच्या पाराजवळ बोलावून सांगायचे, आणि तो त्याचा बंदोबस्त करायचा.

आपल्या डोंगरपट्ट्यात आणि घाटापलीकडे अकोले-जुन्नरकडे महादेव कोळी आणि ठाकर बांधव वसुबारसेला वाघबारस करतात, ती पण एक प्रकारे राखणीची सभाच. गुराखी रानात एकत्र जमतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, वर्षभर गुरं सुखरूप ठेव म्हणतात, आणि सगळे मिळून जेवतात. मारायची भाषा तिथं नाही. वाघ रानात राहणार हे धरूनच मागणं आहे, आणि आपल्या बाजूने गुराख्यांनी एकत्र राहायचं हेही त्यात आलंच.

सगळ्यात चोख पद्धत मात्र धनगरांची. दिवाळी झाली, भात निघालं की घाटावरून मेंढ्यांचे कळप खाली उतरतात. आपण खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेतो, हे रायगडात सगळ्यांना ठाऊक आहे. एकटा धनगर कधी येत नाही. काही बिऱ्हाडं मिळून एक वाडा, त्यांचा एक कारभारी. रात्री मेंढ्या एकत्र बसतात, कोकरं वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आणि बाजूने बिऱ्हाडं. कुत्री कळपाभोवती. गेल्या महिन्यात आमच्या शेतात वाडा बसला होता, तेव्हा त्यातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तुमचा कुत्रा मेंढी मारत नाही का? तो म्हणाला, "पिल्लू असल्यापासून मेंढरातच वाढतंय, भाकर आमच्या हातची खातंय. कुणाच्या मेंढराला तोंड लावलं तर त्या दिवसापासनं ते वाड्यात राहत नाही." काका ज्या रात्री चार शेळ्या गमावून बसले, त्या रात्री पलीकडच्या शिवारात दोनशे मेंढ्या वाघुराच्या आत शांत बसल्या होत्या.

मग आपलं कुठं तुटलं? एका दिवसात नाही. वरकस जमिनी विकल्या गेल्या. गुरचरण कमी झालं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, घरात एक-दोन जनावरं उरली, त्यांच्यासाठी गुराखी कोण ठेवणार? पोरं नोकरीला खोपोली, नेरळ, पनवेलला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि कर्जत-खालापुरात फार्महाऊस, हॉटेलं, ढाबे वाढले. शनिवार-रविवारी उष्टं अन्न भरपूर, सोमवार ते शुक्रवार काही नाही. पाच दिवस उपाशी राहणारा आणि दोन दिवस माजणारा कळप गावाच्या कडेला तयार झाला. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर शहरातून आणून सोडलेली जातिवंत कुत्री मिसळली. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकल्या जातात, हेही आपल्या डोळ्यांसमोर चालू असतं. कोंबडीच्या रक्ताची चव एकदा लागली की करडू लांब नाही.

आणि गिधाडं गेली. आमच्या लहानपणी मेलेलं गुरू माळावर टाकलं की दोन-तीन तासांत हाडं उरायची. गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक औषधाने देशातली गिधाडं संपत आली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद झालं, पण तोवर माळावरचं मढं कुत्र्यांच्या वाट्याला आलं होतं.

यातून नुसत्या शेळ्या जात नाहीत. घाटापलीकडे अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तर वजनाच्या हिशोबाने त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. म्हणजे कुत्र्यांचा कळप वाढवणं हे बिबट्याला गावात जेवायला बोलावणं आहे. आणि रेबीज तर आहेच. आमच्या वडिलांच्या पिढीला पोटात चौदा इंजेक्शनं आठवतात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस २००४ च्या अखेरीस देशात बंद झाली. आता दंडात टोचतात. तरी सांगून ठेवतो, कुत्रं चावलं तर हळद-मिरची भरू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखान्यात जा, जखम खोल असेल तर लसीबरोबर सीरमही मागा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की मग जवळपास काहीच इलाज नाही.

एकत्र येऊन हे सुधारता येतं का? येतं, आणि लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गावकरी, वनखातं आणि महाडची सीस्केप ही संस्था, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने, गिधाडांसाठी काम करत आले. मेलेली गुरं कुठंही न फेकता ठरलेल्या जागी नेऊन टाकायची, झाडं राखायची. गिधाडं जगली. मढं ठरल्या जागी जायला लागलं, की गावाभोवतीच्या कुत्र्यांचंही खाणं तुटतं.

दक्षिणेला गोव्यात २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज यांनी गावोगाव जाळी घेऊन फिरून कुत्र्यांना लस टोचली. नियम साधा, कुत्र्यांपैकी ७० टक्के तरी लसवंत हवीत, आणि दरवर्षी. शाळाशाळांत मुलांना शिकवलं. २०१७ नंतर सलग काही वर्षं तिथं एकही माणूस रेबीजने मेला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. एक कुत्रा मारून नाही, सगळी कुत्री मोजून.

जगात या कामाची सगळ्यात मोठी खटपट ऑस्ट्रेलियात झाली. तिथले मेंढपाळ डिंगो आणि त्याच्या संकरातल्या रानटी कुत्र्यांनी हैराण. त्यांनी साडेपाच हजार किलोमीटरच्या वर लांब कुंपण घातलं. बक्षिसं लावली, विष घातलं. पण शेवटी तिथंही शेतकऱ्यांना हेच कळलं की एकट्याने आपल्या कुंपणात कुत्री मारली तर शेजारच्या शेतातून दुसरी येतात. आता क्वीन्सलँडमध्ये शेजारी शेजारी शेतकरी गट करून सामाईक कुंपण घालतात, आणि कामाचे दिवस एकत्र ठरवतात. त्यांचे उपाय आपल्याला लागू नाहीत. त्यांच्याकडे एकेक शेत आपल्या तालुक्याएवढं, आणि मारायला परवानगी. पण शेजाऱ्याशिवाय भागत नाही, एवढं तिथंही तेच.

आता जे लिहायला पंधरा दिवस लागले ते लिहितो.

त्या सकाळी आमचा मोत्या उशिरा घरी आला. पंचनामा चालू असताना मी त्याला गोठ्यामागे बघितलं. छातीवर आणि पुढच्या पायांवर रक्त सुकलेलं होतं, आणि जखम कुठंच नव्हती. मी बादलीभर पाण्याने त्याला धुतला आणि कोणाला काही बोललो नाही. गर्दीतला माणूस 'रानकुत्री लिहा' म्हणाला तेव्हा मी गप्प राहिलो, ते प्रामाणिकपणाने नाही. 'रानकुत्री' लिहिलं असतं तर काकांना पैसे मिळाले असते आणि माझं झाकलं गेलं असतं. मोत्याला मी रात्री बांधत नव्हतो. तीन वर्षं त्याला लस टोचली नव्हती. दिवसभर तो कुठं जातो, फार्महाऊसच्या कचऱ्यावर कोणाबरोबर फिरतो, मला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी काकांकडे जाऊन सांगितलं. काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मला त्याच दिवशी माहीत होतं. तो आमच्या ताटीवरनं उडी मारून गेलेला मी बघितला." दोन शेळ्यांचे पैसे दिले. ते घेत नव्हते, काकूंनी घेतले. उरलेल्या दोन शेळ्या कोणाच्या कुत्र्याच्या नावावर लिहायच्या ते अजून कोणी पुढं येऊन सांगितलेलं नाही. मी त्यांना नावं ठेवणार नाही, मलाही चार दिवस लागले.

त्यानंतर गावदेवीजवळ बसलो. आमचं गाव, दोन वाड्या आणि शिवेपलीकडचं खालापूर तालुक्यातलं एक गाव. भांडण झालं, सांगायला नको. एकाला गोळी घालायची होती, एकजण म्हणाला ज्यांना कुत्री आवडतात त्यांनी घरी न्यावीत. शेवटी पाच गोष्टी ठरल्या. घरटी कुत्र्यांची यादी, आणि यादीतला कुत्रा रात्री बांधायचा. पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एकाच दिवशी सगळ्यांना रेबीजची लस. मेलेल्या कोंबड्या आणि जनावरं चुना टाकून खड्ड्यात, ओढ्यात नाही. फार्महाऊसच्या राखणदारांना बैठकीत बोलवायचं, कारण अर्धी कुत्री त्यांच्या उष्ट्यावर आहेत. नसबंदीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव करून वर पाठवायचा आणि पाठपुरावा करायचा. आणि शेळ्यांची पाळी पुन्हा सुरू. अकरा घरांच्या शेळ्या, रोज दोन माणसं. ही सहावी गोष्ट, पण ती कोणी ठरवली नाही, काकूंनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या शेळ्या सोडून सुरूच केली.

लसीच्या दिवशी यादीतल्या ४३ पैकी २९ कुत्री आली. गोव्याच्या हिशोबाने ७० टक्क्यांना दोन कमी. यादीबाहेरची, कोणाचीच नसलेली कुत्री अजून बाकी आहेत, आणि खरं अवघड काम तेच. ठराव पाठवलाय, उत्तर आलेलं नाही. दोन पोल्ट्रीवाल्यांपैकी एकाने खड्डा काढलाय.

मोत्या आता रात्री साखळीला असतो. पहिले चार दिवस रडला, आता झोपतो. माझी पाळी मंगळवारी आणि शनिवारी. या शनिवारी बाभळीखाली बसून शेळ्या राखताना माझ्या लक्षात आलं की हे काम मी शेवटचं केलं तेव्हा बारा वर्षांचा होतो.

तुमच्या गावात गुरांच्या, शेळ्यांच्या राखणीची काय पद्धत होती, आणि ती कधी बंद पडली? कर्जत-खालापूर, सुधागड, पेण, शहापूर, कुठलंही गाव असू दे, आठवत असेल तर लिहा. जुन्या माणसांना विचारून लिहिलंत तर आणखी चांगलं.